सोन्या-चांदीच्या नाण्यांवरील अधिमूल्य : वाजवी किमतीचा निकष

प्रस्तावना :

धनत्रयोदशी, गुरुपुष्यामृत, अक्षय्य तृतीया अशा मुहूर्तांवर सोन्याचे किंवा चांदीचे एखादे नाणे विकत घेण्याची पद्धत महाराष्ट्रातील नोकरदार कुटुंबांत चांगलीच रुळली आहे. दागिन्यावर घडणावळ जाते, नाण्यावर ती जात नाही; म्हणून नाणे हीच खरी बचत, अशी या खरेदीमागील धारणा असते. ही धारणा अर्धीच खरी आहे.

काही काळापूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एक सेविका प्रस्तुत लेखकाकडे एक शंका घेऊन आल्या. काही वर्षांपूर्वी भिशी लागली तेव्हा त्यांनी एक-एक ग्रॅमची बारा नाणी एकदम घेतली होती. मुलीच्या लग्नासाठी ती मोडली, तेव्हा सोन्याचा भाव खरेदीच्या वेळच्या भावाच्या दुप्पट झालेला होता. "सर, भाव दुप्पट झाला, मग माझे पैसे दुप्पट का नाही झाले?" असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांची कोणी फसवणूक केली नव्हती. सोने शुद्ध होते, वजन पूर्ण होते, पावतीही होती. तरीही हिशेब जुळत नव्हता. या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या निमित्ताने नाण्याच्या किमतीची रचना येथे स्पष्ट केली आहे.

अधिमूल्य म्हणजे काय?

नाण्यात असलेल्या शुद्ध धातूचे त्या दिवशीच्या भावाने होणारे मूल्य आणि ग्राहकाने प्रत्यक्षात मोजलेली रक्कम यांतील फरक म्हणजे अधिमूल्य. बाजारात यालाच प्रीमियम म्हणतात; परंतु तो शब्द विम्याच्या हप्त्यालाही लावला जात असल्याने येथे 'अधिमूल्य' हीच संज्ञा योजिली आहे. ते नेहमी धातूच्या मूल्याच्या टक्केवारीत मांडावे. नुसत्या रुपयांत मांडले की लहान नाण्यावरील अधिमूल्य क्षुल्लक वाटते, आणि चूक नेमकी तेथेच होते.

ही कल्पना मराठी व्यवहाराला नवीन नाही. पेशवेकाळात निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारपेठेत चालत. पोतदार ते पारखून घेत आणि सराफ एका नाण्याच्या बदल्यात दुसरे देताना बट्टा कापून घेत. धातू तोच असला तरी नाणे हातोहात बदलण्याला किंमत पडते, हे त्या काळच्या कुळकर्ण्यालाही ठाऊक होते. 'नावाला बट्टा लागणे' हा आपला वाक्प्रचार याच व्यवहारातून आलेला आहे. आजच्या ग्राहकाला मात्र बट्टा दोनदा बसतो : खरेदीच्या वेळी अधिमूल्य म्हणून आणि विक्रीच्या वेळी घट म्हणून.

अधिमूल्य कशापासून बनते?

धातू शुद्ध करून त्याची कोरी चकती तयार करणे, त्यावर ठसा उमटविणे, वजन व शुद्धता तपासून सीलबंद वेष्टनात घालणे, वाहतूक, विमा, दुकानदाराचा नफा आणि शेवटी कर, असे हे घटक आहेत. भारतात १ जुलै २०१७ पासून सोन्या-चांदीच्या नाण्यांवर ३ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो धातूच्या मूल्याबरोबरच नाणे पाडण्याच्या आकारावरही बसतो आणि घरगुती ग्राहकाला विक्रीच्या वेळी परत मिळत नाही. आयातशुल्काचे तसे नाही. ते देशातील भावातच मुरलेले असल्याने विकतानाही त्या भावात अंतर्भूत असते. जुलै २०२४ मध्ये हे शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले, तेव्हा घरात असलेल्या सोन्याचा भाव एका दिवसात खाली आला, तो याच कारणाने.

यांतील बहुतेक खर्च नगावर ठरतात, वजनावर नव्हे. एक ग्रॅमची चकती ठोकण्यास व वेष्टनात घालण्यास जे श्रम पडतात, त्याच्या दसपट श्रम दहा ग्रॅमच्या चकतीला पडत नाहीत. म्हणूनच नाणे जितके लहान तितके त्यावरील अधिमूल्य टक्केवारीत अधिक. अमेरिकेच्या टांकसाळीने 'अमेरिकन ईगल' ही सुवर्णनाणी १९८६ मध्ये काढली. अधिकृत घाऊक खरेदीदारांना ती विकताना या टांकसाळीने दीर्घकाळ जी पद्धत ठेवली, तिच्यात एक ट्रॉय औंसाच्या, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम शुद्ध सोन्याच्या नाण्यावर ३ टक्के, अर्ध्या औंसावर ५, पाव औंसावर ७ आणि एक दशांश औंसावर ९ टक्के अधिमूल्य आकारले जाई. हा घाऊक दर होय. किरकोळ दुकानदाराचा नफा त्यानंतर चढतो.

चांदीच्या बाबतीत हा नियम अधिकच जाचक ठरतो. ठसा उमटविण्याचा खर्च दोन्ही धातूंना जवळपास सारखाच; परंतु ज्या धातूवर तो वाटला जातो त्याचे मूल्य चांदीत कितीतरी कमी असते. सोन्यावर दोन-तीन टक्के वाटणारी रक्कम चांदीच्या लहान नाण्यावर वीस-पंचवीस टक्क्यांवर जाऊ शकते. लक्ष्मी-गणेशाची छाप असलेले दहा ग्रॅमचे नाणे पुष्कळ दुकानांत वजनाच्या भावाने न विकता नगाच्या भावाने विकले जाते आणि ग्राहकही ते पूजेची वस्तू म्हणून घेतो. पूजेसाठी घेण्यास हरकत नाही. त्याला गुंतवणूक म्हणण्यास मात्र आहे.

सेविकेच्या प्रश्नाचे उत्तर :

आकडेमोडीच्या सोयीसाठी शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. भाव, आकार आणि घट हे सर्व आकडे येथे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. एक ग्रॅमच्या नाण्यावर दुकानदाराने ६०० रुपये आकार लावला तर किंमत १०,६०० रुपये; त्यावर ३ टक्के कर ३१८ रुपये; एकूण १०,९१८ रुपये. म्हणजे अधिमूल्य ९.१८ टक्के. दहा ग्रॅमच्या नाण्यावर २,००० रुपये आकार धरल्यास कर ३,०६० आणि एकूण किंमत १,०५,०६० रुपये, अधिमूल्य ५.०६ टक्के.

आता भाव २०,००० झाला आणि सराफाने विकत घेताना २ टक्के घट कापली, तर एक ग्रॅमच्या नाण्याचे १९,६०० रुपये हाती येतील. १०,९१८ ची दुप्पट २१,८३६ होते. म्हणजे नाण्यामागे २,२३६ रुपये कमी. बारा नाण्यांवर ही तूट २६,८३२ रुपये होते. भाव दुप्पट होऊनही पैसे दुप्पट न होण्याचे कारण एवढेच.

याहून बोचणारी बाब पुढे आहे. त्यांच्या हाती भिशीची रक्कम एकदम आली होती. बारा सुट्या नाण्यांना वरील दराने १,३१,०१६ रुपये पडतात; तेच बारा ग्रॅम सोने दहा ग्रॅमचे एक व एक ग्रॅमची दोन अशा नाण्यांत घेतले असते तर १,२६,८९६ रुपये पडले असते. 'लहान नाणी मोडायला सोपी' असे त्यांना सांगण्यात आले होते. ते खोटे नाही; अडीअडचणीला एकच नाणे मोडता येणे ही खरी सोय आहे. परंतु या सोयीची किंमत ४,१२० रुपये आहे, हे सांगणारे त्या वेळी कोणी नव्हते. ज्याच्याकडे पैसा थोडा, त्याच्याकडूनच टक्केवारीने अधिक आकारणी होते. वर्गात आपण प्रतिगामी कराची जी व्याख्या शिकवितो, तिचे याहून जवळचे उदाहरण सापडणे कठीण.

दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न निराळा आहे. पाच ग्रॅमच्या नाण्याएवढी रक्कम साठेपर्यंत थांबल्यास अधिमूल्य वाचते. पण तेवढ्या काळात भाव चढला तर वाचलेले अधिमूल्य भाववाढीत जाते. आंतरराष्ट्रीय बाजारात २०२५ साली सोने साठ टक्क्यांहून अधिक वाढले. अशा वर्षी थांबणारा तोट्यात गेला असता. मात्र प्रत्येक वर्ष तसे नसते, आणि दोन-तीन महिने थांबून एक ग्रॅमऐवजी पाच ग्रॅमचे नाणे घेणे सामान्यतः श्रेयस्कर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शुद्धता आणि 'जुने नाणे' :

अधिमूल्य काढताना भागाकार एकूण वजनाने नव्हे, तर शुद्ध धातूच्या वजनाने करावयाचा असतो. दक्षिण आफ्रिकेने १९६७ मध्ये काढलेले क्रुगरँड ३३.९३ ग्रॅम भरते, परंतु ते २२ कॅरटचे असल्याने त्यात सोने एक ट्रॉय औंसच असते. आपल्याकडे राणीछाप रुपयाबाबत हाच घोटाळा होतो. तो रुपया एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० नंतरच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयांत मात्र चांदी निम्मीच आहे. दोन्ही 'चांदीचा जुना रुपया' म्हणून एकाच भावाने विकले जात असतील, तर दुसऱ्या रुपयावरील अधिमूल्य पहिल्याच्या कैकपट असते.

जुन्या नाण्यांना संग्राहकाच्या आवडीचेही मूल्य असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीत लंडनच्या राजटांकसाळीची शाखा उघडून १९१८ सालचे सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पाडण्यात आले. त्यांवर 'आय' हे इंग्रजी चिन्ह आहे. अशा नाण्याला सोन्याच्या मूल्याहून अधिक देणारा जाणकार भेटू शकतो. पण तो भेटेलच असे नाही, आणि गावातील सराफ ते नाणे ७.३२ ग्रॅम सोने म्हणूनच तोलतो. बचतीसाठी नाणे घेणाऱ्याने दुर्मीळतेचे पैसे देऊ नयेत.

टंचाईच्या दिवसांतील अधिमूल्य :

अधिमूल्य स्थिर नसते. मार्च २०२० मध्ये कोविडच्या धास्तीने चांदीचा आंतरराष्ट्रीय भाव औंसाला १२ डॉलरपर्यंत कोसळला, तरी अमेरिकेत चांदीची नाणी त्या भावाने कोठेही मिळत नव्हती. लगडींचा तुटवडा नव्हता. नाणी पाडण्याची क्षमता अपुरी पडत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याकडेही असाच अनुभव आला. धनत्रयोदशीपूर्वी चांदीची टंचाई इतकी वाढली की देशातील भाव आयातखर्चाहून बराच वर गेला आणि अनेक म्युच्युअल फंडांनी चांदीवर आधारित योजनांतील एकरकमी गुंतवणूक स्वीकारणे काही काळ थांबविले. दिवाळी सरताच लंडनमधील भावही उतरला आणि येथील अधिमूल्यही ओसरले. मुहूर्तावर चांदी घेणाऱ्यांना हा दुहेरी फटका बसला. धातूचा उतरलेला भाव पुढे कधी तरी सावरू शकतो. टंचाईपोटी दिलेले अधिमूल्य सावरत नाही, कारण ते धातूत नसतेच.

दुकानात विचारावयाचे :

इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन ही संस्था कामकाजाच्या दिवशी दोनदा भाव जाहीर करते; त्यात वस्तू व सेवा कर धरलेला नसतो. ९९९ शुद्धतेचा हा भाव पाहून दुकानात जावे आणि तेथील फलकावरील भाव करासह आहे की करावेगळा, हे आधी विचारावे. त्यानंतर हातात पडणारी एकूण रक्कम विचारावी. आणि मग एक प्रश्न, जो बहुतेक ग्राहक संकोचाने टाळतात : "हेच नाणे मी आत्ता तुम्हाला परत विकले, तर किती द्याल?" या उत्तरातून घट कळते, वेष्टन फोडलेले असल्यास ती वाढते का, दुसऱ्या दुकानाचे नाणे घेतात का, रोख मिळते की बदल्यात दागिनाच घ्यावा लागतो, हेही कळते. २००० नंतरच्या दशकात अनेक बँकांनी सीलबंद नाणी विकली. त्या ती परत घेत नसत आणि त्यांचे दर सराफापेक्षा चढे असत. पुष्कळ प्राध्यापकांच्या लॉकरमध्ये ती नाणी आजही असतील.

खरेदीची रक्कम आणि तत्काळ विक्रीची रक्कम यांतील अंतर हाच वाजवीपणाचा खरा निकष होय. वरील उदाहरणात ते दहा ग्रॅमच्या नाण्यावर मोजलेल्या रकमेच्या ६.७ टक्के, तर एक ग्रॅमच्या नाण्यावर १०.२ टक्के येते. सेविकाबाईंना हा हिशेब कागदावर मांडून दिला, तेव्हा त्यांनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्यांच्या भिशीत अजून नऊ जणी आहेत.