न दिसणाऱ्या प्रवाहाचे चित्र

वारा डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते त्याने हलवलेले पान. वाहत्या द्रव्याची गती दृश्य कशी करावी, हा विज्ञानापुढील जुना प्रश्न आहे. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यांनी १६८६ मध्ये समुद्री वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात छोट्या रेघांनी वाऱ्याची दिशा दाखवली होती. मोसमी वारे ऋतूनुसार उलटतात, म्हणून त्या भागात रेघांच्या ओळी आलटून पालटून उलटसुलट काढल्या होत्या.

पुढे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टर येथे काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडली. मंद वेगात धार सरळ राहिली; वेग एका मर्यादेपलीकडे जाताच ती विस्कटून भोवरे उमटले. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने शांत व खळबळीचा प्रवाह यांतील भेद उघड केला.

संगणकयुगात अडचण वेगळी झाली. अवकाशातील प्रत्येक बिंदूला वेग आणि दिशा असते. यालाच सदिश क्षेत्र म्हणतात. बाण विरळ काढले, तर लहान भोवरे सुटतात; दाट काढले, तर नुसती गिचमीड होते. यावर ब्रायन कॅब्रल आणि लीथ लीडम यांनी १९९३ मध्ये एक तोडगा मांडला. आधी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे विस्कळीत चित्र घ्यायचे. मग प्रत्येक बिंदूतून जाणाऱ्या प्रवाहरेषेवरील ठिपक्यांची सरासरी काढून ती त्या बिंदूला द्यायची. ओल्या रंगावरून कुंचला ओढावा, तसा प्रवाह उमटतो.

मात्र या देखण्या चित्रात एक धोका आहे. रेषा दिसते, पण प्रवाह तिच्यावरून कोणत्या बाजूला जातो, हे स्थिर चित्र सांगत नाही. वेगही कळत नाही. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, तर उच्च दाबाच्या केंद्राभोवतीचे वारे सुलट. दोन्ही चित्रे जवळपास सारखी दिसू शकतात. म्हणून वेगासाठी रंग आणि दिशेसाठी बाण किंवा चलचित्र यांची जोड द्यावी लागते.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. इस्रोने २००९ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-२ उपग्रहावरील स्कॅटरोमीटर समुद्रावरील वाऱ्याचा वेध घेत असे. पाण्यावरील बारीक तरंगांवरून परतणाऱ्या रडारलहरी मोजून वेग व दिशा काढली जाते. परंतु दिशेची एकाहून अधिक उत्तरे संभवतात आणि त्यांतून योग्य ते निवडावे लागते. नकाशावरील नीटस बाणामागे अशी निवड दडलेली असते. होडी समुद्रात न्यावी की किनाऱ्यावरच ठेवावी, हा निर्णय ज्याला घ्यायचा आहे, त्याच्या दृष्टीने चित्राच्या सौंदर्यापेक्षा बाणाचे टोक महत्त्वाचे. म्हणूनच असा नकाशा पाहताना रंग कशाचा, बाण कोणत्या वेळेचा आणि मोजमाप कोठले, हे आधी वाचावे.