भरहुतचे शिल्पपट आणि त्यांवरील अक्षरे

लाकूड, दगड अथवा हस्तिदंत यांच्या सपाट पृष्ठभागाला चौकट आखून तीत एखादा प्रसंग कोरावयाचा, या पद्धतीस आपण शिल्पपट असे म्हणतो. प्राचीन भारतातील बौद्ध कलेचा फार मोठा भाग अशा शिल्पपटांनी व्यापलेला आहे. सांची, भरहुत, अमरावती येथील वेदिका आणि तोरणे हे या पटांचे भांडारच होय. तथापि शिल्पपट पाहणे आणि तो वाचणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. न वाचता केवळ पाहिल्याने किती मोठा अनर्थ होऊ शकतो, हे प्रथम एका उदाहरणाने स्पष्ट करणे आवश्यक आहे.

जेम्स फर्ग्युसन हे भारतीय वास्तुकलेचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी १८६८ साली सांची आणि अमरावती येथील शिल्पांवर एक भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यास वृक्षपूजा व सर्पपूजा असे नाव दिले. त्यांच्यासमोर जे पट होते त्यांत झाडापुढे हात जोडून बसलेली माणसे होती, फणाधारी नाग होते, रिकामी आसने होती. परंतु यांपैकी अनेक पटांत बुद्धाची मूर्ती नव्हती. पटाखाली प्रसंगाचे नाव सांगणारा लेखही नव्हता. तेव्हा हे लोक वृक्षाची आणि सर्पाची पूजा करीत असावेत, असा अर्थ त्यांनी लावला. फर्ग्युसन यांच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण मुक्या पटाला पाहणारा आपलीच भाषा देतो, ती अशी.

यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १८७३ च्या अखेरीस, अलेक्झांडर कनिंगहॅम हे आजच्या मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यातील भरहुत या खेड्यात पोहोचले. तेथील स्तूप जवळजवळ नष्ट झाला होता. आसपासच्या गावकऱ्यांनी त्याच्या विटा व शिळा घरबांधणीसाठी नेल्या होत्या. तरीही पूर्वेकडील तोरण आणि वेदिकेचा काही भाग मातीखाली शिल्लक राहिला होता. १८७४ मध्ये उत्खनन झाले. पुढे हे अवशेष कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये हलविण्यात आले आणि १८७९ साली कनिंगहॅम यांचा भरहुतवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील या वेदिकेचे वैशिष्ट्य असे की, येथील शिल्पकारांनी अनेक पटांवर तो प्रसंग कोणता हे ब्राह्मी लिपीत आणि लोकांच्या प्राकृत भाषेत कोरून ठेवले आहे. सांचीला असे प्रसंगदर्शक लेख जवळजवळ नाहीत. भरहुतचा पट मात्र स्वतःचे नाव स्वतः सांगतो.

आता एक पट पाहू. एक नागराजा आपल्या परिवारासह पाण्यातून वर येऊन एका वृक्षापुढे नतमस्तक झाला आहे. वृक्षाखाली रिकामे आसन आहे. हा पट मुका असता तर त्याची गणना नागपूजेत सहज झाली असती. परंतु त्यावर लेख आहे : एरपतो नागराजा भगवतो वंदते. म्हणजे एरपत नागराजा भगवंतांना वंदन करीत आहे. येथे कोणी नागाची पूजा करीत नाही. नागच तथागतांना शरण आला आहे. पूजक कोण आणि पूज्य कोण, हा संबंध तीन-चार शब्दांनी पूर्णपणे उलटा झाला.

वृक्षांविषयीही तेच घडले. बोधिवृक्षाच्या पटावर भगवतो सकमुनिनो बोधो, म्हणजे भगवान शाक्यमुनींचा बोधिवृक्ष, असे स्पष्ट शब्द आहेत. शिवाय पूर्वबुद्धांचे बोधिवृक्षही येथे स्वतंत्रपणे कोरलेले असून विपसी, वेसभू, ककुसंध, कोनागमन, कसप यांची नावे त्यांवर आढळतात. शिल्पकाराने प्रत्येक झाडाची पाने वेगळी दाखविली आहेत. पिंपळ, वड, उंबर यांत भेद करून त्याने ती कोरली आहेत. ज्याला केवळ झाडाची पूजा करावयाची असते, तो कोणत्या झाडाखाली कोणास ज्ञान प्राप्त झाले याची अशी काळजीपूर्वक नोंद ठेवीत नाही.

येथे अलीकडच्या एका वादाचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. आरंभीच्या कलेत बुद्धाची मूर्ती टाळून वृक्ष, चक्र, आसन, पदचिन्हे या संकेतांनी बुद्ध सूचित केला जात असे, हे मत फूशे यांच्या लेखनामुळे रूढ झाले. १९९० साली सुसान हंटिंग्टन यांनी त्यास आव्हान दिले. यांपैकी अनेक पट बुद्धचरित्रातील नसून पुढील काळातील उपासक पवित्र स्थळांची पूजा करताना दाखविणारे आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर विद्या देहेजिया यांनी, एकाच चिन्हाला एकाहून अधिक अर्थ असू शकतात, असे उत्तर दिले. हा वाद उपयुक्त ठरला, यात शंका नाही. पण भरहुतचा तो स्तंभ आठवावा. राजा हत्तीवरून येतो, उतरतो आणि रिकाम्या आसनापुढे हात जोडतो. आणि खाली अक्षरे आहेत, अजातसतु भगवतो वंदते. आसन रिकामे आहे, पण लेख म्हणतो की वंदन भगवंतांना आहे. निदान या पटापुरता तरी शिल्पकाराने आपला निर्णय देऊन ठेवला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

भरहुतच्या सर्व पटांत जेतवनाचा पट सर्वांत बोलका म्हणावा लागेल. वर्तुळाकार पदकात हा सारा प्रसंग बसविला आहे. एका बाजूस बैल सोडलेली गाडी उभी आहे. गाडीतून नाणी उतरविली जात आहेत आणि दोन माणसे बसून ती जमिनीवर एकास एक लावून पसरीत आहेत. ही नाणी गोल नाहीत, चौकोनी आहेत. त्या काळी प्रचलित असलेल्या आहत नाण्यांचा आकार शिल्पकाराने जसाच्या तसा घेतला आहे. मध्यभागी अनाथपिंडिक हातात पाण्याची झारी घेऊन दानाचे उदक सोडण्यास उभा आहे. भोवती झाडे असून दोन कुटी आहेत आणि त्या कुटींवरही गंधकुटि, कोसंबकुटि अशी नावे कोरलेली आहेत. खाली मुख्य लेख येतो : जेतवन अनाधपेडिको देति कोटिसंथतेन केता. कोटी नाणी पसरून विकत घेतलेले जेतवन अनाथपिंडिक दान देत आहे, असा याचा आशय.

विनयपिटकातील चुल्लवग्गात ही कथा आपण वाचतो. जमीन झाकली जाईल एवढे सोने पसरल्याशिवाय उद्यान देणार नाही, असे राजकुमार जेत सहज बोलून गेला आणि श्रावस्तीच्या श्रेष्ठीने ते खरे करून दाखविले. परंतु ही कथा इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात मध्य भारतातील एका आडगावी, कुटींच्या नावांसह, लोकांना ठाऊक होती, याचा पुरावा कोणत्याही पोथीत मिळत नाही. तो या दगडावर मिळतो. भरहुतच्याच दानलेखांत पेटकी, पचनेकायिक, सुतंतिक अशी भिक्खूंची विशेषणे येतात. पिटक जाणणारे, पाच निकाय जाणणारे आणि सुत्त जाणणारे लोक तेव्हा अस्तित्वात होते, हे त्यावरून सिद्ध होते. पालि वाङ्मय फार उशिराचे आहे असे म्हणणाऱ्यांना हे दोन-तीन शब्द पुरेसे अडचणीचे ठरले आहेत.

भरहुतला जातककथांचेही अनेक पट आहेत आणि त्यांवर मिगजातक, नागजातक, लटुवाजातक अशी नावे आहेत. येथे आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांविषयीच्या रूढ कल्पनांची कठोर चिकित्सा केली आहे. मग पूर्वजन्मांच्या कथा कोरलेले हे पट आपण कोणत्या दृष्टीने पाहावयाचे? याचे उत्तर असे की, पट हा प्रथमतः इतिहासाचा साक्षीदार आहे. त्या काळच्या उपासकांना काय भावत होते, काय ऐकावेसे वाटत होते, हे तो सांगतो. त्यावर श्रद्धा ठेवण्याची अट तो घालीत नाही. लटुवाजातकाचाच पट घ्यावा. एका उन्मत्त हत्तीने लहानशा पक्षिणीची पिले पायाखाली तुडविली. तिने कावळा, माशी आणि बेडूक यांचे साहाय्य घेतले. कावळ्याने हत्तीचे डोळे फोडले, माशीने जखमेत अंडी घातली आणि तहानेने व्याकूळ झालेल्या आंधळ्या हत्तीला बेडकाने आपल्या आवाजाने कड्याकडे नेले. पटात हत्ती कड्यावरून कोसळताना दिसतो. ही कथा धर्मोपदेश म्हणून सांगावी की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल; तीत सूडाचा भाग आहे हे नाकारण्याचे कारण नाही. पण बलवानाने दुर्बलास क्षुद्र लेखू नये, हे त्या काळच्या माणसाला दगडात कोरून ठेवावेसे वाटले, ही गोष्ट लहान नव्हे.

आता दात्यांकडे वळू. भरहुतला दोनशेहून अधिक लेख उपलब्ध झाले असून त्यांतील बहुसंख्य दानलेख आहेत. त्यांचा चिकित्सक संग्रह हाइनरिश ल्युडर्स यांनी तयार केला होता. त्यांच्या पश्चात वाल्डश्मिट आणि आपल्याकडील पंडित डॉ. म. अ. मेहेंदळे यांनी त्याचे संपादन केले आणि तो १९६३ साली प्रसिद्ध झाला. तोरणावरील लेखात धनभूती या राजाचे नाव येते खरे. परंतु वेदिकेचे स्तंभ, सूची आणि शिळा निरनिराळ्या व्यक्तींनी एकेक करून दिल्या आहेत. पहिला स्तंभ विदिशेच्या रेवतीमित्राची भार्या चापदेवा हिचा. एक स्तंभ नासिकच्या गोरक्षितेचा; ती वसुकाची पत्नी. करहकट, म्हणजे आजचे कराड, येथील निगमाने, म्हणजे व्यापारी नगराने, सामुदायिक दान दिले आहे. भोजकट हे प्राचीन विदर्भातील स्थान. तेथील दिगनागा या भिक्खुनीचे दान नोंदलेले आहे. कराड, नासिक आणि विदर्भ येथून शेकडो मैल दूर असलेल्या स्तूपासाठी दान पाठविणारे हे आपले पूर्वज होत. त्यांत गृहिणी आहेत, भिक्खुनी आहेत आणि त्यांनी आपले नाव आपल्याच नावाने कोरविले आहे.

या दानलेखांनी आणखी एक उपकार केला आहे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप सांचीच्या वेदिकेवरील लहान लहान लेखांचे ठसे तपासीत होते. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे व अनुस्वार येतो हे त्यांच्या लक्षात आले. हा शब्द दानं असला पाहिजे, असा तर्क त्यांनी केला आणि तो खरा ठरला. त्यातूनच ब्राह्मी लिपी उलगडली आणि सम्राट अशोकाचे शिलालेख जगाला वाचता आले. एखाद्या अज्ञात उपासिकेच्या दानाने दोन हजार वर्षांनंतर अशोकाला वाचा दिली, असेच म्हणावे लागेल.

नाव कोरलेले नसते तेव्हा काय होते, याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. नासिकच्या लेण्यांत तिरण्हु पर्वताचे नाव आणि भिक्खुसंघास दिलेली दाने स्पष्ट कोरलेली असूनही, ती लिपी वाचणारा कोणी उरला नाही तेव्हा लोकांनी त्यांना पांडवलेणी म्हटले आणि ते नाव आजही चालते. आज आपल्या अनेक विहारांत नवे शिल्पपट बसविले जात आहेत. धम्मचक्रप्रवर्तन, महाभिनिष्क्रमण, नागपूरचा १९५६ चा दीक्षासोहळा असे प्रसंग त्यांत असतात. बाजूला संगमरवरी फलकावर देणगीदारांची नावे असतात, मात्र पटाखाली प्रसंगाचे नाव बहुधा नसते. भरहुतच्या शिल्पकाराने दोन्ही लिहिली होती. जागा थोडी होती तरी लिहिली होती. काही ठिकाणी अक्षरे चौकटीच्या कडेला दाटीवाटीने बसविलेली दिसतात.

आता थोडे कारागिरांविषयी. भरहुतची वेदिका दगडाची असली तरी तिची जुळणी सुताराची आहे. उभ्या स्तंभाला खाचा पाडून त्यांत आडव्या सूचींची टोके बसविली आहेत. सूची म्हणजे सुई, दोन स्तंभांना शिवणारी. वरून उष्णीषाची शिळा बसते. दगडाला अशा जोडाची गरज नसते. लाकडात काम करणाऱ्या हातांनी दगड हाती घेतला, त्याची ही खूण होय. भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहांच्या छताला आजही मूळच्या लाकडी कमानी आहेत आणि कार्ल्याच्या स्तूपावर लाकडी छत्र उभे आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावरील एक पट विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी कोरल्याचा लेख आहे. त्या तोरणावरील शिल्पांचा बारीकपणा पाहिला म्हणजे त्या लेखाचा अर्थ लक्षात येतो.

हे कारागीर केवळ मजुरीवर राबणारे नव्हते. भरहुतच्या एका लेखात बुधरखित या रूपकारकाने, म्हणजे मूर्तिकाराने, स्वतः दान दिल्याची नोंद आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकट येथील वेणुवासपुत्र सामी याचे नाव आहे. तेथील दार त्याने केले. त्याच्या नावामागे वढकी हा शब्द आहे. वढकी म्हणजे सुतार.