पुस्तक छापण्याआधी शंभर वाचक जमवा



माझ्या दुकानात काउंटरखाली चार वर्षं दोन खोकी पडून होती. त्यात माझंच पुस्तक होतं, दुकानदारीवर लिहिलेलं, ९६ पानांचं. ५०० प्रती छापल्या, कारण छापणारा म्हणाला, "जास्त घेतल्या की प्रत स्वस्त पडते." त्यातल्या १३७ गेल्या. निम्म्या नातेवाइकांनी आणि मित्रांनी घेतल्या, काही मीच फुकट वाटल्या. एका पावसाळ्यात खालच्या खोक्याला ओल लागली आणि विषय संपला.

मागणी बघून माल भरा, असं मी तुम्हाला प्रत्येक व्हिडिओत सांगतो. स्वतःच्या पुस्तकाला मात्र उलटं केलं. आधी माल भरला, मग गिऱ्हाईक शोधायला निघालो.

हे आज सांगायचं कारण म्हणजे दिवाळीनंतर बजाजनगरचा एक मुलगा दुकानात आला. एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. शिफ्टमधल्या जगण्यावर त्यानं कादंबरी लिहिली आहे. मी वाचली, चांगली आहे. पुस्तक काढायचं 'पॅकेज' कुणीतरी ४० हजारांना सांगितलं होतं आणि त्यासाठी बायकोची पोत गहाण ठेवायची तयारी चालली होती. त्याला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

आधी वाचक, मग पुस्तक

हे काही नवीन नाही. आपल्याच शहरात डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक १९६०च्या दशकाच्या अखेरीस उभं केलं आणि कित्येक दशकं चालवलं. नुसते अंक काढून ते थांबले नाहीत. लेखक-वाचक मेळावे भरवले. लिहिणारा आणि वाचणारा समोरासमोर आला, आणि वाचणाऱ्यांतूनच पुढचे लिहिणारे तयार झाले. इंटरनेट नव्हतं, पण नातं होतं.

आजचं उदाहरण शरद तांदळे यांचं. बीड जिल्ह्यातून आलेला हा ठेकेदार-उद्योजक. 'रावण : राजा राक्षसांचा' आणि 'द आंत्रप्रन्योर' ही पुस्तकं त्यांनी स्वतःच्या न्यू इरा पब्लिशिंग हाऊसकडून काढली. त्यांची भाषणं मोबाईलवर ऐकून पुस्तकाकडे वळलेली पोरं तुम्हाला आपल्याकडे गावोगाव भेटतील. आधी माणूस ओळखीचा झाला, मग पुस्तक हातात घेतलं गेलं.

सुरुवात कशी करायची?

एक, वाचक ठरवा. "सगळ्यांसाठी आहे" म्हणजे कुणासाठीच नाही. त्या मुलाचा वाचक म्हणजे रांजणगावात खोली करून राहणारा, पहिली शिफ्ट सुटल्यावर मोबाईल उघडणारा कामगार.

दोन, जागा एकच धरा. २०१४ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपीवर मराठी लेखन फुकट टाकता येतं. फेसबुक पेजही चालेल. दर आठवड्याला एक भाग, ठरलेला वार, ठरलेली वेळ. दुकान कधी उघडं, कधी बंद असलं की गिऱ्हाईक तुटतं. इथंही तसंच आहे.

तीन, वाचकांची यादी स्वतःकडे ठेवा. पेजचे फॉलोअर उद्या तुमची पोस्ट बघतीलच असं नाही. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. म्हणून "नंबर सेव्ह करा" हे आधी सांगा. आणि न विचारता कुणाला यादीत घेऊ नका.

चार, उत्तर द्या. एखाद्यानं "पुढं काय झालं?" विचारलं, तर त्याच दिवशी बोला. तोच माणूस पुढे पाच जणांना सांगतो.

इथं फसू नका

किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः टाकता येतं. पण 'केडीपी सिलेक्ट' घेतलं, तर ९० दिवस ते पुस्तक डिजिटल स्वरूपात दुसरीकडे ठेवता येत नाही. म्हणजे अख्खी कादंबरी प्रतिलिपीवर ठेवून सिलेक्ट घ्यायचं, हे जमत नाही. आधी ठरवा, मग बटण दाबा.

आयएसबीएन क्रमांकासाठी कुणी पैसे मागितले, तर सावध व्हा. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो मोफत देते, अर्ज ऑनलाईन होतो. शिवाय १९५४च्या कायद्यानुसार छापील पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर ग्रंथालयांना ३० दिवसांत पाठवायच्या असतात. त्या प्रती हिशेबात धरा.

आता हिशेब

समजा किंमत २०० रुपये. प्रकाशनपूर्व सवलतीत १७० रुपये, टपालासह. १०० जणांनी आगाऊ भरले, म्हणजे १७,००० हातात. १५० प्रती छापल्या, प्रत ७० रुपयांना, तर १०,५०० गेले. १०० प्रतींचं पाकीट आणि टपाल ४५ रुपयांप्रमाणे ४,५००. उरले २,००० आणि ५० प्रती. श्रीमंत नाही झालात, पण कर्ज शून्य. तेच पुस्तक दुकानात ४० टक्के कमिशनवर ठेवलं, तर २०० मधून ८० त्यांचे, ७० छपाईचे, तुमच्याकडे ५० आणि तेही उधारीवर. आकडे तुमच्या छापखान्याचे आणि पोस्टाचे घाला, पण कागदावर मांडल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि शंभर जण नाहीच जमले तर? मग सहा महिने अजून लिहा. तेवढ्यात कळेल की लिखाणात काय कमी आहे, का वाचकच चुकीचा धरलाय. हे कळायला ४० हजार लागत नाहीत.

तो मुलगा आता दर रविवारी एक भाग टाकतो. यादीत ४३ जण झालेत, त्यातले बरेचसे त्याच्या ओळखीचेही नाहीत. एकानं परवा मेसेज केला, "हे माझ्याच लाईनवरचं लिहिलंय का?" तो मेसेज दाखवायला तो मुद्दाम दुकानात आला होता.

पोत घरातच आहे.

तुमचं काम : आज रात्री वही घ्या आणि तुमचं लिखाण वाचतील अशा दहा जणांची नावं लिहा. नातेवाईक सोडून, बरं का.