पवन मावळातला डिसेंबर : बेडसे आणि अमूर ससाणा

कामशेतला लोकलमधून उतरून पवनानगरचा रस्ता धरला की वाटेत बेडसे लागतं. गाव लहानसं, नाव झालं ते डोंगरातल्या लेण्यांमुळे. कार्ले-भाजे लेण्यांची गर्दी इकडे फारशी वळत नाही, हे या जागेचं नशीबच म्हणायचं. चारशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलं की समोर खडक आडवा येतो. त्यातल्या अरुंद बोळातून आत शिरावं, तेव्हा कुठे चैत्यगृहाचे उंच खांब दिसतात. माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्या पाठीवर जोडपी. काम इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचं. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेख इथेच कोरलेला आहे. शेजारच्या विहाराची मागची बाजू अर्धगोल आणि छत कमानदार. असा विहार सहसा पाहायला मिळत नाही.

लेणं पूर्वाभिमुख असल्याने सकाळीच जावं. हिवाळ्यात तिथल्या खडकांवर निळा कस्तूर दिसण्याची शक्यता असते. उत्तरेकडून येणारा हा पक्षी सह्याद्रीचे कडे, किल्ल्यांचे तट, लेण्यांची तोंडं अशा जागी एकेकटा हद्द धरून राहतो. त्याच्या मागे लागू नका. पायरीवर गप्प बसलात, तर तो आपणहून जवळच्या दगडावर येऊन बसतो.

पण दुर्बिणी आणि हातभर लेन्स घेऊन पुण्या-मुंबईची मंडळी नोव्हेंबर सरताना मावळात येतात, ती अमूर ससाण्यासाठी. त्यांचा मोर्चा लोणावळ्याच्या पठारांकडे, ॲम्बी व्हॅलीच्या बाजूच्या माळांकडे असतो. पूर्व सैबेरिया, मंगोलिया आणि ईशान्य चीनमध्ये वीण करणारा, जेमतेम १५० ग्रॅम वजनाचा हा पक्षी हिवाळा काढतो आफ्रिकेच्या दक्षिण भागात. जगात त्याची संख्या कमी नाही. आपल्याकडे तो दुर्मीळ, कारण थांबतो मोजकेच दिवस. २०१२ साली नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी हजारो ससाणे जाळी लावून मारले गेले. पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी शिकार थांबवली आणि तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर बसले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. भारत आडवा ओलांडून हे पक्षी अरबी समुद्रावर झेपावतात आणि सुमारे ३,००० किलोमीटर न थांबता सोमालियाचा किनारा गाठतात.

म्हणजे मावळातला थांबा हा समुद्रापूर्वीच्या शेवटच्या काही थांब्यांपैकी एक. या दिवसांत इथली इंद्रायणी भाताची कापणी उरकलेली असते, माळावरचं गवत वाळलेलं असतं आणि त्यात नाकतोडे भरपूर. ससाणा विजेच्या तारेवर बसून खाली टक लावतो, सूर मारतो, भक्ष्य नखांत धरतो आणि बऱ्याचदा उडता उडताच, पाय चोचीशी नेऊन खातो. नर राखाडी, मांड्या आणि शेपटीखालचा भाग तांबूस, पाय लालसर केशरी. वर उडाला की पंखांखालचा पांढरा भाग चमकतो. मादीच्या पांढुरक्या छातीवर काळ्या रेघा.

ससाणा गाडीला फारसा बुजत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो. कुणी गाडी थेट माळावर घालतं, कुणी हवं तसं उड्डाण टिपायला पक्ष्याला मुद्दाम उठवतं, कुणी नाकतोडे पकडून टाकतं. अशा फोटोला माझ्या लेखी किंमत नाही. समुद्र ओलांडायला जी चरबी साठवायची, ती आपण फुकट खर्च करायला लावतो. जाणते लोक गाडी रस्त्याच्या कडेला लावतात, इंजिन बंद करतात, खिडकीत तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवतात आणि वाट पाहतात. पक्षी गाडीला घाबरत नाही. दार उघडून उतरणाऱ्या माणसाला घाबरतो.

खरा धोका मात्र कॅमेऱ्यांचा नाही. सरकारदरबारी ‘पडीक’ ठरणारे हे माळ प्लॉट पाडून विकले जाताहेत, पवना जलाशयाच्या काठावर तंबू आणि स्पीकर वाढताहेत. गवत गेलं तर नाकतोडे जातील आणि ससाण्याला इथे उतरायचं कारण उरणार नाही.

जायचं असेल तर नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा. सकाळी बेडशाची लेणी, दुपार कलल्यावर लोणावळ्याचे माळ. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा, आणि पक्षी दिसला तर नेमकी जागा फोटोसोबत जगजाहीर करू नका.