पाटीवरचे 'ब्रिटिश'

दुबईला नोकरीस गेलेले आपले काही बांधव मुलांसाठी ब्रिटिश अभ्यासक्रमाची शाळा निवडतात. जरूर निवडावी, पण पाटी पाहून नव्हे. तिथल्या केएचडीए या शिक्षण प्राधिकरणाने २००८-०९ पासून खासगी शाळांचे तपासणी अहवाल जाहीर केले आहेत. ते वाचा. २०२४-२५ मध्ये बहुतेक शाळांच्या पूर्ण तपासण्या थांबल्या, म्हणून अहवालाचे वर्ष आधी बघा.

आम्हा वकिलांची चिंता वेगळीच. तिथे बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की बिऱ्हाड परत! तेव्हा मुलगी जीसीएसईच्या दोन वर्षांच्या मधोमध असेल तर? तिला इथे थेट दहावीत बसवायचे म्हणजे पोरीचे हालच. आणि सोळाव्या वर्षीची जीसीएसई म्हणजे बारावी नव्हे, हे कित्येक शिकल्यासवरल्या पालकांनाही ठाऊक नसते. भारतातल्या पदवी प्रवेशाला पुढची ए-लेव्हल लागते. समकक्षतेचा प्रश्नही असतो. कोणते विषय धरतात, हे ए-लेव्हलचे विषय निवडण्याआधी विचारावे, नंतर नव्हे.

राहिला पैसा. शाळेशी करार होतो, त्यातले फी-परताव्याचे कलम सहीपूर्वी वाचा. वर्षाच्या मध्येच देश सोडावा लागला तर किती रक्कम परत मिळेल, हे तोंडी नको, कागदावर घ्या.