खाडीच्या पोटातला पाऊस

मुंबईच्या प्रिन्सेस डॉकची पायाभरणी १८७५ साली झाली आणि १८८० मध्ये गोदी खुली झाली. मधल्या वर्षांत खोदकाम करणाऱ्यांना चिखलाखाली झाडं लागली. एखाददुसरा वाहत आलेला ओंडका नव्हे, जंगलच. मोजदाद झाली तेव्हा आकडा भरला ३८२. त्यातली १५९ आडवी झालेली, पण २२३ आपल्या मुळांवर उभी. झाडं खैराची. ज्याचा कात करतात तो खैर, माळाचा, डोंगरउताराचा. खाऱ्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही. म्हणजे जिथे जहाजं लागणार होती तिथे कधीकाळी रान होतं.

गोदी बांधणाऱ्या इंजिनिअरांना घाई असणारच. तरी त्यांनी काम चालू असताना झाडं मोजली, उभी किती आणि पडलेली किती याची नोंद केली, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांनी अर्थ लावला तो जमीन खचल्याचा. हिमयुगात जगाचं पाणी बर्फात अडकून समुद्र शंभराहून जास्त मीटर खाली गेला होता आणि नंतर तो चढत आला, ही गोष्ट तेव्हा सगळ्यांच्या पचनी पडलेली नव्हती. कोकणाच्या नद्यांची मुखं या चढत्या पाण्यानेच बुडवली. आज ज्यांना आपण खाड्या म्हणतो त्या बऱ्याचशा नद्यांच्या बुडालेल्या दऱ्या आहेत. दरी बुडाली की पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ बसू लागतो. गेली काही हजार वर्षं तो बसतोच आहे.

त्या गाळात हवामान वाचता येईल ही कल्पना मात्र आपल्याकडची नाही, आणि ती खाडीतूनही आली नाही. १९१६ साली लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाने दलदलीतल्या थरांमधले परागकण मोजून कोणत्या काळात कोणती झाडं जास्त होती याचे आलेख मांडले. परागकणाचं बाहेरचं कवच विलक्षण चिवट असतं. फूल कुजतं, पान कुजतं, झाड जातं, कण राहतो. पण नुसत्या क्रमाने भागत नाही, वय लागतं. ते १९४९ नंतर, विलर्ड लिबी यांच्या कार्बन पद्धतीमुळे मिळू लागलं. त्यापुढे शिशाचा एक किरणोत्सारी प्रकार कामाला आला. तो दर बावीस वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा गाळ त्याने मोजता येतो.

तळं आणि खाडी यांत मोठा फरक आहे. तळ्याचा गाळ सरळमार्गी. वर्षावर वर्ष रचलेलं. खाडीत दोन मालक. पावसाळ्यात नदी वरून जांभ्याची लाल माती आणते, उन्हाळ्यात समुद्र भरतीबरोबर आपली बारीक वाळू आत ढकलतो. उधाणाला एक हिशेब, भांगाला दुसरा. वर खेकडे आणि किडे बिळं करून कालचा थर परवाच्या थरात मिसळतात. एखाद्या मोठ्या पुराने आधीच्या पन्नास वर्षांचा गाळ खरवडून नेला, तर त्या पन्नास वर्षांची जागा सरळ कोरी. आणि ती कोरी आहे हे बघणाऱ्याला कळेलच असं नाही. म्हणून हा अभ्यास करणारी माणसं मला थोडी जुन्या कज्जाच्या वकिलांसारखी वाटतात. साक्षीदार भरपूर, पण प्रत्येकाची उलटतपासणी घ्यावी लागते.

या साक्षीदारांमध्ये सगळ्यात बोलका आहे फोरॅमिनिफेरा. एकपेशीय जीव, बहुतेक जाती वाळूच्या कणाएवढ्या, अनेकांना चुन्याचं कवच. पाणी किती खारं, किती गोडं, यावर कोणत्या जाती जगतील हे ठरतं. ओहोटीला चिखलात नळी ठोकायची, वरचं तोंड बंद करून ती ओढून काढायची, उभी चिरायची, सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करायचे, बारीक चाळणीत धुवायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. एका कापातून साधारण तीनशे. असे काप शेकड्याने असतात. या कामाला यंत्र आहे ते म्हणजे माणसाची मान.

गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी सुरू झाली, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ. तिथल्या राजीव निगम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कवचांचा पावसाशी संबंध जोडायला जागा निवडली ती कारवारची, काळी नदीच्या मुखासमोरची. निवड हुशारीची होती. सह्याद्रीत पाऊस पडला की काळीचं गोडं पाणी थेट त्या उथळ समुद्रात पसरतं; पाऊस कमी, तर खारेपणा जास्त. मुखापासून दूर जाताना गोल घडणीच्या आणि कोनदार घडणीच्या कवचांचं प्रमाण कसं बदलतं हे आधी आजच्या तळावर पाहिलं, आणि मग तोच नियम घेऊन गाळाच्या थरांत खाली उतरले. १९९५ मध्ये त्यांनी सुमारे साडेचारशे वर्षांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. त्यात दुष्काळी काळ साधारण ७७ वर्षांच्या अंतराने परत येताना दिसतो आणि त्याचा संबंध सूर्याच्या एका दीर्घ चक्राशी असावा, असं त्यांनी सुचवलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण अशा आकड्याची बातमी फार लवकर होते. साडेचारशेला ७७ ने भागलं तर सहा फेऱ्यासुद्धा पुऱ्या होत नाहीत. सहा फेऱ्यांवरून घड्याळ लावणं धाडसाचं आहे. पण दुसरी बाजूही पाहा. भारतीय हवामान खातं १८७५ चं. म्हणजे देशभराच्या पर्जन्यमापकांच्या शिस्तीतल्या नोंदींत अशा जेमतेम दोन फेऱ्या बसतात. मापकाला जे दिसूच शकत नाही ते विचारायला गाळासारखीच दारं ठोठवावी लागतात. मला त्या ७७ पेक्षा ती पद्धत मोलाची वाटते: आधी आजचा तळ समजून घ्या, मग कालच्या तळाला प्रश्न विचारा.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कोकणात दुसऱ्या बाजूने हात घातला, परागकणांच्या. कांदळवनातही सगळी झाडं सारख्या सवयीची नसतात. तिवर बराच खारेपणा पचवतो, काहींना गोड्या पाण्याचा हात लागतो. कोणाचे कण कोणत्या थरात वाढले, कोणाचे आटले, यावरून नदीचं पाणी आणि समुद्राची पातळी या दोन्हींचा अंदाज येतो. एकूण चित्र अरबी समुद्राच्या इतर पुराव्यांशी जुळतं: पाच-सहा हजार वर्षांपूर्वीचा पावसाळा आजच्याहून दमदार होता, पुढे तो ओसरत गेला. आज जिथे भातशेती आहे तिथे खोदल्यावर कांदळाचे कण मिळतात, यात कोकणच्या माणसाला नवल वाटू नये. खारबंधारा घालून खाडीकडून जमीन घेणं आपल्या अंगवळणीच आहे.

आणि गाळ वाचण्याची खरी पंचाईत त्याच सवयीत आहे. ज्या दीडशे वर्षांत आपण हा गाळ वाचायला शिकलो, त्याच दीडशे वर्षांत त्यात सगळ्यात जास्त लुडबुड केली. काळीवर सुपा, कद्रा, कोडसळ्ळी अशी धरणं उभी राहिली; आता कारवारसमोर पोचणारं गोडं पाणी निम्मं पावसाचं आणि निम्मं वीज केंद्राच्या वेळापत्रकाचं.

चिपळूणवरून वाहणाऱ्या वाशिष्ठीची गोष्ट तर आणखी विचित्र. कोयनेचं पाणी निसर्गतः कऱ्हाडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जायचं. १९६२ मध्ये कोयना प्रकल्पाची वीज सुरू झाली आणि ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरून वाशिष्ठीत पडू लागलं. वर्षाला पासष्ट टीएमसीच्या वर पाणी, तेही भर उन्हाळ्यात, जेव्हा कोकणातली नदी एरवी डबक्यांपुरती उरते. हजार वर्षांनी कोणी वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळच्या खाडीत नळी ठोकली आणि त्याला धरण माहीत नसलं, तर विसाव्या शतकाच्या मध्यावर चिपळूणला अचानक बारमाही पावसाचं युग सुरू झालं, असं तो खुशाल लिहील. त्याच्या पुराव्यात काही खोटं नसेल. पाऊस पडलाच होता, फक्त घाटाच्या पलीकडे. त्यात सक्शन पंपाने उपसलेली वाळू आणि बंदरांसाठी तळ खरवडणारे ड्रेजर धरले, तर गाळाचे सर्वांत वरचे दोन हात, ज्यांची तुलना पर्जन्यमापकाशी करून बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा, तेच सर्वांत बिघडलेले.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. पुढे वाशिष्ठीतला गाळ काढण्याचं काम निघालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. ज्याच्या माजघरात पाणी शिरलं त्याला गाळाच्या थरांचं कौतुक सांगू नये. त्या दिवसांत मी नदीकाठी गेलो होतो. पोकलेनने कापलेली कड ऊन लागून अजून सुकायची होती. वर हातभर पिवळट माती, तिच्याखाली जाड वाळू, मग बोटभर रुंदीचा काळा पट्टा, सगळा पानांचा, आणि त्याखाली पुन्हा वाळू. काळा पट्टा कोणत्या सालचा असेल याचा विचार करत जवळ सरकलो, तेवढ्यात चालकाने हॉर्न देऊन मला बाजूला व्हायला सांगितलं.