मिनिस्टर म्हणजे नोकर, मग ‘मंत्रीसाहेब’ कोण?

नामदार मंत्रीसाहेब वस्तीत येणार म्हटले की आपल्याकडे कमानी उभ्या राहतात, हारांची ऑर्डर जाते, आणि कार्यकर्ते चार तास उन्हात ताटकळतात. या साहेबांना इंग्रजीत ‘मिनिस्टर’ म्हणतात. हा शब्द लॅटिन आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे नोकर, सेवक. गणितातला ‘मायनस’ ज्या कुळातला, त्याच कुळातला हा मिनिस्टर; म्हणजे जो लहान, जो खालचा. याच्या उलट ‘मॅजिस्टर’, म्हणजे जो मोठा. त्यापासून मास्टर झाला, मॅजिस्ट्रेट झाला आणि आपल्या शाळेतला मास्तरही झाला. शब्दाच्या हिशेबाने पाहिले तर झेडपी शाळेतला मास्तर मोठा आणि मिनिस्टर त्याच्याहून लहान! पण मराठीत आपण मिनिस्टरला ‘मंत्री’ केले. मंत्री म्हणजे राजाशी गुप्त मसलत करणारा. नोकराचा एकदम दरबारी झाला. भाषांतरात एवढी बढती दुसऱ्या कुणाला मिळाली असेल असे वाटत नाही.

‘गव्हर्नमेंट’चेही तेच. या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून ते जहाजाचे सुकाणू धरण्याशी जोडलेले आहे. सुकाणू धरणारा जहाजाचा मालक नसतो. उतारू सांगतील त्या बंदराला त्याने न्यायचे असते. आपण मात्र फारसीतला ‘सरकार’ घेतला. सर म्हणजे डोके, प्रमुख. कार म्हणजे काम. जो कामावर प्रमुख तो सरकार. म्हणून तर पाटलालाही सरकार, जमीनदारालाही सरकार आणि राज्यालाही सरकार. त्याला ‘मायबाप’ जोडले की हक्क मागणारा नागरिक आपोआप लेकरू होतो. लेकरू हट्ट करते, हक्क सांगत नाही.

‘व्होट’ या शब्दावर मात्र थोडे थांबले पाहिजे. लॅटिनमध्ये ‘व्होटम’ म्हणजे प्रतिज्ञा, इच्छा. ‘बॅलट’ म्हणजे इटालियन भाषेतली लहान गोळी; व्हेनिसमध्ये मत द्यायला अशा गोळ्या वापरत. मताधिकाराला ‘फ्रँचाइज’ म्हणतात. तो जुन्या फ्रेंचमधला शब्द, अर्थ स्वातंत्र्य, मोकळेपणा. (आज हा शब्द क्रिकेटच्या संघांना आणि वडापावच्या दुकानांना लागला आहे, हा भाग वेगळा.) आता या सगळ्याला मराठीत काय म्हणतात? मतदान! दान म्हटले की देणारा पुण्यवान, घेणारा याचक आणि एकदा दिले की परत विचारायचे नाही. अन्नदान, गोदान, कन्यादान यांच्या पंगतीत नेऊन बसवलेले मत पाच वर्षे जाब कसे विचारणार? बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे जे मागितले ते दान देण्याचे पुण्य नव्हते, तो अधिकार होता. सायमन कमिशनपुढे तर त्यांनी प्रौढ मताधिकारच मागितला. ज्याच्याकडे जमीन, शेतसारा आणि शिक्षण त्यालाच मत, असा तो काळ होता.

आणि मत मोजण्याची रीत आपल्याला युरोपने शिकवली, असेही कुणी समजू नये. भिक्खू संघात ठराव मांडायला ‘ञत्ति’ असे, गणपूर्तीचा नियम असे, मत नोंदवायला शलाका, म्हणजे काड्या, वाटल्या जात आणि त्या वाटण्या-गोळा करण्यासाठी खास भिक्खू नेमलेला असे. गैरहजर भिक्खूने कळवलेल्या संमतीला पालीत ‘छंद’ म्हणत. छंद म्हणजे इच्छा. व्होटमचा अर्थही इच्छाच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी संघाच्या या कार्यपद्धतीची आठवण सगळ्या देशाला करून दिली होती.

‘रिपब्लिक’ म्हणजे ‘रेस पब्लिका’, लोकांची वस्तू, सर्वांचा मामला. आपल्या राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत यासाठी ‘गणराज्य’ हा शब्द आहे. गण हा शाक्य-लिच्छवींचा शब्द. पण २६ जानेवारीला बोलताना आपण म्हणतो प्रजासत्ताक दिन! जिथे राजा नाही तिथे प्रजा कुठून आली? उद्देशिका सुरू होते ती ‘लोक’ या शब्दाने, प्रजेने नव्हे.

अर्थात मूळ अर्थ सापडला म्हणून त्याची पूजा करण्याचे कारण नाही. रोमच्या त्या ‘सर्वांच्या’ वस्तूत गुलाम धरलेले नव्हते. अथेन्सच्या ‘डेमॉस’मध्ये गुलाम नव्हते, स्त्रियाही नव्हत्या. ‘पब्लिक’मध्ये कोण येतो हे शब्दकोश ठरवत नाही, ते भांडून ठरवावे लागते. महाड हे त्याचे उदाहरण. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर स्पृश्य मंडळी कोर्टात गेली ती काय म्हणत? तळे सार्वजनिक नाहीच, ते स्पृश्यांचे खासगी आहे! म्हणजे सगळा वाद एका शब्दावर आणला. तो शब्द सोडवून घ्यायला १९३७ साल उजाडले. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला तेव्हा सत्याग्रहाला दहा वर्षे होत आली होती.

राहिला ‘फॉर्म’. लॅटिन ‘फॉर्मा’ म्हणजे आकार, साचा. त्यावरूनच रिफॉर्म, युनिफॉर्म आणि ऑफिसातली फॉर्मॅलिटी. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी सांगितले होते की घटनेचा फॉर्म न बदलताही, नुसता प्रशासनाचा फॉर्म बदलून, घटनेचा आत्मा नासवता येतो. प्रशासनाचा एवढा तपशील घटनेत का घातला, या टीकेला ते उत्तर होते. वर्षभराने त्यांनी इशारा दिला की लोकशाहीचा आकार तसाच राहील आणि आत हुकूमशाही येऊन बसेल.

आपल्या पोरांना फॉर्म माहीत आहे तो दुसरा. शिष्यवृत्तीचा फॉर्म, जात पडताळणीचा फॉर्म. कलम आहे, योजना आहे, तरतूदही आहे. पण साच्यातला एक रकाना रिकामा म्हणून अर्ज परत. मतदार यादीत नाव घालायचा सहा नंबरचा फॉर्म आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असतो. दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊन ते वगळायला लावणारा सात नंबरचा फॉर्म किती जणांनी वाचला आहे? मताधिकार घटनेच्या ३२६ व्या कलमात शाबूत असतो आणि मतदानाच्या दिवशी यादीत नाव नसते. घटनेला हात न लावता प्रशासनाच्या साच्यातून काय करता येते, हे समजायला १९४८ चे भाषण आणि हा सात नंबरचा कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.